पटकीचा माग आणि आपली कॉलनी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच मंचावर नाट्यगीतांची सुरेख मैफल झाली. उद्या मुलांची वेशभूषा स्पर्धा आहे. आणि या दोन्हींच्या मध्ये मी जुलाब-उलट्यांवर बोलायला उभा आहे! आपल्या सांस्कृतिक सचिवांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा तो ऐकून ते जरा वेळ गप्पच बसले. मग हळूच म्हणाले, "अहो, महाप्रसादाच्या आधी हा विषय?" मी म्हटले, "महाप्रसादाच्या आधीच हवा. नंतर बोलून काय उपयोग?" त्यांनी हसून परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. सोलापूरच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्य शाखेची पदविका घेतली आणि रेल्वेत वर्क्स खात्यात लागलो. माझे पद काहीही असो, कॉलनीत आजही आम्हाला 'आयओडब्ल्यू' म्हणूनच हाक मारतात, आणि ती हाक बहुतेक वेळा "नळाला पाणी नाही" एवढ्यासाठीच असते. वीस-बावीस वर्षे पंप हाऊस, उंच टाक्या, व्हॉल्व्ह आणि गंजलेले पाइप यांच्यातच गेली. या नोकरीत एक गोष्ट कळली ती अशी की पटकीच्या साथीत डॉक्टरला जेवढे काम असते तेवढेच प्लंबरला असते. म्हणून हा विषय मांडण्याचे धाडस करतो आहे.

पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे जुनी माणसे तिला वाखा म्हणत, महामारी म्हणत. आमच्या सोलापूरकडच्या गावांत वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असते. साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या हद्दीत सोडून यायचे अशी चाल होती. पुढचे गाव तो त्याच्या पुढे ढकलणार. इकडे बंगालमध्ये आल्यावर कळले की इथेही तीच कथा. पटकीला इथले जुने लोक 'ओलाउठा' म्हणत. तिची देवता हिंदूंची ओलाईचंडी आणि मुसलमानांची ओलाबीबी. देवी एकच, नावे दोन. रोगाने माणसामाणसांत भेद केला नाही, हे लोकांना तेव्हाही कळत होते.

आपण ज्या भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालो आहोत, तो भाग या रोगाच्या इतिहासात फार मोठा आहे. १८१७ साली जेसोर भागात मोठी साथ उठली आणि तिथून ती जगभर पसरली. पहिली जागतिक साथ ती हीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लॉर्ड हेस्टिंग्जची फौज पेंढाऱ्यांच्या आणि मराठ्यांच्या विरुद्ध मोहिमेवर निघाली असता बुंदेलखंडात तिच्या छावणीत पटकी शिरली आणि हजारो माणसे मेली. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांचा इतिहास आपण लढायांचा म्हणून वाचतो, पण त्या लढायांत हा एक तिसरा पक्षही होता. रॉबर्ट कॉख इजिप्तमधून कलकत्त्यास आला आणि १८८४ साली त्याने पटकीच्या जंतूविषयीचे आपले संशोधन इथे पक्के केले. हाफकिनने १८९४ साली कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये पटकीची लस टोचली. हाच हाफकिन पुढे मुंबईत प्लेगच्या लशीसाठी प्रसिद्ध झाला आणि परळच्या संस्थेला त्याचे नाव मिळाले. पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहते, हे १९५९ साली दाखवून दिले कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी. १९६२ साली कलकत्त्यात कॉलरा संशोधन केंद्र निघाले आणि ते पुढे कित्येक वर्षे 'नायसेड' या नावाने ओळखले गेले. तेव्हा या विषयात आपला प्रांत पाहुणा नाही, यजमान आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साथीचा माग कसा काढतात?

याचे पहिले मोठे उदाहरण लंडनचे आहे. १८५४ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटजवळ पटकी भडकली. दहा दिवसांत पाचशेवर माणसे गेली, एकंदर मृत्यू ६१६. तेव्हा डॉक्टरांची समजूत अशी की रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला मात्र पाण्याचा संशय होता. जंतू कोणता हे त्याला ठाऊक नव्हते, प्रयोगशाळेचा अहवालही हाती नव्हता. त्याने फक्त एक काम केले. मृतांची यादी घेतली, घरोघर जाऊन विचारले आणि प्रत्येक मृत्यू नकाशावर मांडला. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवती होती.

पण मला त्याच्या कामातला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो तो वेगळा आहे. जे नकाशात बसत नव्हते, त्यांच्यामागे तो लागला. पंपाजवळच एक अनाथगृहवजा वर्कहाऊस होते. तिथे ५३५ माणसे राहत होती आणि त्यांतली फक्त पाच मेली. का? तर त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरएक कामगार वाचले, कारण त्यांना कारखान्यातच बिअर मिळे आणि ते पंपाचे पाणी पीत नसत. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध बाई पटकीने मेली. चौकशीत निघाले की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते गाडीतून मागवून घेत असे. ७ सप्टेंबरला स्नोने स्थानिक समितीसमोर हे मांडले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे, आणि स्नोने ते स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. पण रोगाचा पत्ता सापडला होता.

यापुढचा भाग आम्हा इंजिनिअरांचा. तिथल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्याने शोधून काढले की पंपालगतच्या घरात एका तान्ह्या मुलीला सगळ्यांच्या आधी जुलाब झाले होते आणि तिचे लंगोट धुतलेले पाणी घरासमोरच्या शोषखड्ड्यात टाकले जाई. १८५५ साली यॉर्क नावाच्या सर्वेक्षकाने तो खड्डा उकरून पाहिला. खड्ड्यात आणि विहिरीत अंतर जेमतेम तीन फूट, विटांचे बांधकाम कुजलेले आणि मधली माती ओलीचिंब. संशय डॉक्टरने घेतला, घर पाद्र्याने शोधले आणि पुरावा कुदळीने दिला.

ही गोष्ट मी तंत्रनिकेतनात असताना एका जाड पुस्तकात वाचली होती. तिचा खरा अर्थ कळला तो नोकरीत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका विभागात होतो. स्टेशनचे आणि कॉलनीचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पावसाळा चालू होता. एक दिवस तिथल्या हेल्थ युनिटच्या डॉक्टर मॅडमचा निरोप आला, "कॉलनीचा नकाशा घेऊन या." मी लेआउटची निळी प्रत घेऊन गेलो. त्यांनी रजिस्टर उघडले आणि क्वार्टर नंबर वाचू लागल्या. मी लाल पेन्सिलने टिंबे देत गेलो. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बाजारातल्या खासगी डॉक्टरकडे आणि औषधाच्या दुकानात माणूस पाठवून त्यांनी तिथलीही नावे मागवली. रात्री सगळी मिळून तीसेक टिंबे झाली.

कॉलनीत तोवर सगळ्यांचे एकमत झाले होते की दोष फाटकावरच्या पाणीपुरीवाल्याचा. त्याची गाडी लोकांनी हाकलूनही दिली होती. मॅडम म्हणाल्या, "यादीत एक-दीड वर्षाची दोन मुले आहेत. ती पाणीपुरी खातात का?" त्या एका प्रश्नात पाणीपुरीवाला सुटला.

रस्त्यांच्या हिशेबाने पाहिले तर टिंबे विखुरलेली दिसत होती. मग मी पाण्याच्या पाइपांचा नकाशा त्यावर ठेवला. जवळजवळ सगळी टिंबे एकाच शाखेवर आली. त्या शाखेवरचे एक घर मात्र कोरे होते. विचारले तर घरात बाळंतीण होती आणि तिची आई रोज पाणी उकळून देत होती. दुसऱ्या शाखेवर तीन टिंबे होती. त्यांतली दोन मुले या रांगेत शिकवणीला येत आणि तिथेच पाणी पीत. तिसऱ्याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. सगळेच कोडे सुटते असे नाही, पण एवढे पुरेसे असते.

त्याच रात्री त्या शाखेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि टँकर लावला. सकाळी पाइप एका जुन्या गटाराखालून जात होता तिथे उकरले. वरून पाइप ठणठणीत होता. फिटरने खालून हात फिरवला आणि त्याचे बोट आत गेले. पाणी दिवसातून दोनदा, तासभर सुटायचे. पाणी चालू असताना आतला दाब जास्त, म्हणून त्या भोकातून पाणी बाहेर जायचे आणि कोणाला काही कळायचे नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा व्हायचा आणि पावसाने तुडुंब भरलेले गटार त्यात ओढले जायचे. शिवाय रांगेतल्या काही घरांनी नळाला थेट मोटार लावली होती. मोटार पाणी खेचते म्हणजे पाइपात पोकळी निर्माण करते, आणि जिथे भोक असेल तिथून जे मिळेल ते आत घेते. पाइप गटाराच्या वरून नेला, क्लोरीनचे जादा प्रमाण देऊन शाखा धुतली. पाच दिवसांनी नवे रुग्ण थांबले. पटकीचे जंतू निघाल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर आला.

त्या साथीत एक मृत्यू झाला. एका ट्रॅकमनच्या आई, साठी ओलांडलेल्या. पहाटे त्रास सुरू झाला आणि दुपारपर्यंत सगळे संपले. नकाशा मांडला त्याच्या आदल्या दिवशी. नंतर यादी तारखेप्रमाणे लावली तेव्हा त्या बाईंचा क्रमांक सातवा आला. म्हणजे त्यांच्या आधी सहा जण आजारी पडले होते. तीन नावे हेल्थ युनिटमध्ये होती, दोन खासगी डॉक्टरकडे, एक औषधाच्या दुकानात. तिन्ही ठिकाणी प्रत्येकाला वाटले, पावसाळ्यात दोन-तीन पोटे बिघडायचीच. कोणाचेच चुकले नव्हते, पण सहाची बेरीज कुठल्याच वहीत नव्हती. आजच्या भाषणातले एवढेच एक वाक्य लक्षात राहिले तरी चालेल. साथीचा माग म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, ती वेळेवर केलेली बेरीज आहे.

ही बेरीज देशपातळीवर व्हावी म्हणून २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. गावपातळीवरचे आरोग्यसेवक लक्षणांवरून नोंद करतात, डॉक्टर संभाव्य निदानाची नोंद करतात आणि प्रयोगशाळा खात्रीच्या निदानाची. हे तीन प्रकारचे तक्ते दर आठवड्याला जिल्ह्याकडे जात. २०२१ पासून देशभर हे काम संगणकीय पोर्टलवर होऊ लागले. व्यवस्था चांगली आहे, पण पोर्टलमध्ये तेच दिसणार जे कोणीतरी भरले आहे. आणि इथे आपल्या भाषेतला एक शब्द आडवा येतो, 'गॅस्ट्रो'. वर्तमानपत्रांत आपण वाचतो, अमुक गावात गॅस्ट्रोची लागण. गॅस्ट्रो हे रोगाचे नाव नव्हे, ते फक्त पोटाचे नाव आहे. पटकी म्हटले की चौकशी येते, वरून फोन येतात, बदनामी होते. गॅस्ट्रो म्हटले की सगळे सुखरूप. मला ते मरीआईच्या गाड्यासारखे वाटते. नाव आपल्या हद्दीत नको, पुढच्या गावाने पाहावे! पण पटकीची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला बारा तास ते पाच दिवस लागतात. बहुतेकांना तर लक्षणेच दिसत नाहीत किंवा किरकोळ दिसतात, आणि तरीही त्यांच्या विष्ठेतून एक ते दहा दिवस जंतू बाहेर पडत राहतात. आपण नाव लपवून ठेवतो, तेवढ्यात जंतू पुढच्या टाकीपर्यंत पोहोचलेला असतो.

आता थोडे पाण्याच्या शुद्धतेविषयी. नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. साथीच्या काळात तो ०.५ पर्यंत ठेवतात. पूर्वी आम्ही ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग पाहत असू, आता डीपीडीची गोळी टाकून गुलाबी रंग पाहतात. परीक्षा दोन मिनिटांची आहे. पण ती पंप हाऊसच्या दारात करून उपयोग नाही, सगळ्यात शेवटच्या क्वार्टरच्या नळावर करायला हवी. क्लोरीन वाटेत संपत असेल, तर वाटेत काहीतरी त्याला खात आहे आणि ते काहीतरी बहुधा घाण असते. ब्लीचिंग पावडरही जुनी झाली की तिचा जोर जातो. उघड्या पोत्यातली पावडर म्हणजे फक्त वासाचा चुना. पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप यांत आडवे तीन मीटर अंतर ठेवावे, आणि ओलांडायची वेळ आली तर पाणी वरून, सांडपाणी खालून न्यावे. हे नियम पुस्तकात आहेत. जुन्या कॉलन्या पुस्तकाच्या आधीच्या आहेत, एवढीच अडचण.

नमुना घेण्याचीही एक मेख आहे. जंतुपरीक्षेसाठी पाणी घ्यायची बाटली निर्जंतुक तर हवीच, पण तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले हवे. ते क्लोरीन मारते. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतला क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल येतो, "पाणी उत्तम". तसेच रुग्णाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्यायचा असतो. हे न पाळल्याने किती साथींचे नाव कळलेच नसेल, देव जाणे.

क्लोरीन म्हणजे सर्व काही, असेही समजू नका. १९५५ साली यमुनेचे पात्र बदलले आणि दिल्लीच्या नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. तिथल्या मंडळींच्या ते लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर, आमांश वाढले नाहीत. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९,३०० रुग्ण. तो विषाणू पुढे हेपॅटायटिस-ई म्हणून ओळखला गेला. जंतू त्या क्लोरीनने मेले, विषाणू टिकला. धडा असा की घाण पाण्यात शिरू न देणे हा पहिला उपाय, औषध घालणे हा दुसरा.

माग काढणे झाले, पाणी झाले. पण समोर जो रुग्ण आहे त्याचे काय? इथे मला पुन्हा आपल्या बंगालकडेच यावे लागते. सियालदहहून लोकलने बनगावला जाता येते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित त्या सीमेवरून आले आणि छावण्यांत पटकी शिरली. बनगावच्या इस्पितळात खाटा संपल्या, रुग्ण जमिनीवर आडवे. शिरेतून द्यायचे सलाइनही संपत आले. डॉ. दिलीप महालनवीस यांनी निर्णय घेतला की आता तोंडाने द्यायचे. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधल्या, बनगावला ड्रममध्ये पाणी कालवले, ड्रमला तोटी लावली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितले, पाजत राहा. मृत्यूचे प्रमाण साधारण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या शोधांत होऊ शकेल असे लिहिले. डॉक्टर २०२२ साली गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

हे का चालते, ते प्लंबरच्या भाषेत सांगतो. पटकीचे विष आतड्यातला बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवते. तासाला लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पण आत घेणारा एक वेगळा व्हॉल्व्ह त्या विषाने बिघडत नाही. तो मीठ आणि साखर एकत्र मिळाली तरच उघडतो आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढून घेतो. नुसते पाणी दिले तर तो उघडत नाही, नुसते मीठ दिले तरी नाही. म्हणून प्रमाण महत्त्वाचे.

तेव्हा भगिनींनो, आणि बंधूंनोसुद्धा, कारण हे काम फक्त बायकांचे नाही, एवढे घरी लिहून ठेवा. ओआरएसचे पाकीट घरात असू द्या आणि पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच, म्हणजे मोठ्या पाकिटाला पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कालवलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. दर पातळ जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० आणि मोठ्यांना हवे तेवढे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा चमचा पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका, जेवण बंद करू नका. मुलांना झिंकची गोळीही देतात, ती डॉक्टरांना विचारून द्या. बाजारात खोक्यावर 'ओआरएस' लिहून गोड पेये विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने त्याला मनाई केली, तरी खोका वाचून घ्या.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली, लघवी बंद झाली, माणूस गळून पडला किंवा जुलाब तांदळाच्या धुवणासारखा दिसला, तर घरी बसू नका. पाजत पाजत इस्पितळ गाठा. पटकीत उपचार न झाल्यास गंभीर रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत दगावतात. वेळेवर उपचार झाले तर शंभरात एकही जाऊ नये. एका रोगाच्या दोन टोकांत एवढे अंतर क्वचितच असते.

आता आपल्या उत्सवाकडे येतो. भाद्रपद म्हणजे भर पावसाळा. पाचशे पानांचा महाप्रसाद, बाहेरून आलेले पाहुणे, एकच तात्पुरती टाकी. मी सुतक लावायला आलो नाही, प्रसाद झालाच पाहिजे. पण कार्यकारिणीला काही सूचना कराव्याशा वाटतात.

प्रसादाच्या पाण्याची टाकी आदल्या दिवशी धुवावी, क्लोरीन घालावा, अर्धा तास थांबावे आणि तोटीवर डीपीडीची परीक्षा करावी. हे काम मी करतो, माझ्याबरोबर दोन तरुण द्या. टाकीत तांब्या बुडवायचा नाही, तोटीनेच पाणी घ्यायचे. ज्याचे पोट गेल्या दोन दिवसांत बिघडले आहे, त्याने वाढायला उभे राहू नये, त्याला मानाने वर्गणीच्या टेबलावर बसवावे. शिजवलेला भात आणि खिचडी तासन्तास झाकून ठेवू नये. गरम गरमच वाढावी. एक प्रकारचे जंतू भातात उष्णतेलाही दाद न देता दडून राहतात आणि भात कोमट झाला की वाढतात.

आणि एक वही ठेवावी. प्रसादानंतर कोणाचे पोट बिघडले तर लाजू नका, मंडळाला कळवा. नाव, वय, क्वार्टर, त्रास कोणत्या दिवशी आणि किती वाजता सुरू झाला, काय खाल्ले, काय खाल्ले नाही आणि पाणी कुठले प्यायले. "काय खाल्ले नाही" हा रकाना गाळू नका. समजा श्रीखंड खाल्लेल्या चाळीसांपैकी वीस आजारी पडले आणि न खाल्लेल्या चाळीसांपैकी दोन, तर दोष कुठे आहे ते शाळकरी मुलालाही कळेल. पण फक्त आजारी लोकांनाच विचारले, तर सगळ्यांनी भात खाल्लेला असतो आणि बिचारा भात बदनाम होतो. वेळही बोलते. जेवणानंतर एक ते सहा तासांत सगळ्यांना एकदम उलट्या झाल्या, तर अन्नातल्या तयार विषाचा संशय घ्यावा. रुग्ण दिवसामागून दिवस थोडे थोडे येत राहिले, तर पाण्याकडे पाहावे.

शेवटची विनंती कॉलनीपुरती. एका रांगेत दोन-तीन घरांत जुलाब दिसले, तर त्याच दिवशी इस्पितळाला कळवा आणि वर्क्सलाही कळवा. पाणी गढूळ आले, वास आला, तर पाणी टाकून देण्याआधी मला फोन करा, तो वासच माझा पुरावा आहे. आणि नळाला थेट मोटार लावली असेल तर कृपया काढा. तिथे खाली हौद बांधून देण्याचा अर्ज करा, मी त्यावर शिफारस लिहीन.

जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०१७ साली ठरवले की २०३० पर्यंत पटकीचे मृत्यू नव्वद टक्क्यांनी कमी करायचे. तोंडाने घ्यायच्या लशी आहेत, आपल्या देशातही बनतात, पण जगाची गरज मोठी आणि साठा अपुरा. २०२२ साली तर दोनऐवजी एकच मात्रा द्यायची वेळ आली. म्हणून लशीची वाट पाहत बसण्यापेक्षा आपली वही, आपला व्हॉल्व्ह आणि आपले ओआरएसचे पाकीट तयार ठेवावे. तीनही गोष्टी स्वस्त आहेत.

श्रीगणेशाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. विघ्न हरण तो करतोच, पण कोणत्या नळात आहे ते शोधायचे काम त्याने बहुधा आपल्याकडे दिले असावे. ते आपण नीट करू या.  डीपीडीची परीक्षा कशी करतात ते ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी मंडपामागच्या नळाशी यावे. मी किट घेऊन आलो आहे.

गणपती बाप्पा मोरया!